शिट्टीची तोंडी परीक्षा

मोजायचं काय आहे आणि आपण मोजतोय काय, यांत गल्लत करू नये, हे मी विद्यापीठात पगार घेऊन शिकवते. विषयाचं नाव 'शैक्षणिक मूल्यमापन'. समोर बसणारे सगळे उद्याचे शिक्षक. काही तर आजचेच शिक्षक, फक्त प्रमाणपत्र उद्याचं. मी स्वतः पदार्थविज्ञानाची. शिक्षणशास्त्र विभागाला आकडे पाहून न घाबरणारं कुणीतरी हवं होतं म्हणून माझी नेमणूक झाली, आणि आकड्यांना मी खरोखरच घाबरत नाही. घाबरायचंच असेल तर माणसाने तक्त्यांना घाबरावं. पण ते पुढे येईल.

पहिल्या तासाला मी वर्गात वजनकाटा घेऊन जाते. त्यावर उभी राहते आणि विचारते, "सांगा, माझी उंची किती?" वर्ग हसतो. मग मी म्हणते, "वजनकाट्यावर उंची कळत नाही, तशी चुकीच्या परीक्षेत अक्कल कळत नाही." हे वाक्य मला इतकं आवडतं की त्यानंतर मी थोडी थांबते. लिहून घ्यायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. यंदा त्या थांबण्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण वजन किती आलं?"

असो.

दरवर्षी या विषयाचं प्रात्यक्षिक म्हणजे एक जुनी प्रश्नपत्रिका घ्यायची आणि तिच्यातल्या चुका काढायच्या. दुसऱ्याच्या चुका काढणं हे शिक्षकांना शिकवावं लागत नाही, म्हणून मी ते रद्द केलं. नवं प्रात्यक्षिक असं : वर्गाने जोड्या करायच्या, एकाने दुसऱ्याला त्याला न येणारी एक गोष्ट शिकवायची, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा शिकणाऱ्याची. त्याला जे गुण, तेच शिकवणाऱ्याला. शिकणारा नापास, तर शिकवणारा नापास. हा शेवटचा नियम सांगताना मी टेबलावर हातही आपटला होता.

चिठ्ठ्या टाकून जोड्या झाल्या. वर्गाची संख्या विषम निघाली आणि एक विद्यार्थिनी उरली. ती माझ्या आईपेक्षा थोडीशीच लहान. एका प्राथमिक शाळेत कित्येक वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवते, म्हणून सगळा वर्ग तिला 'बाई' म्हणतो. मीही म्हणते. त्या मला 'मॅडम' म्हणतात. एकमेकींना इतका मान देणाऱ्या दोन बायका त्या इमारतीत दुसऱ्या नसतील.

"माझ्या जोडीला कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. मोठेपणा असा पटकन करून टाकायचा असतो. "शिकवा मला काहीतरी."

"पण तुम्हाला काय येत नाही?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. खरंच लवकर काही सुचेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक शिट्टी मारली आणि मी, सत्याची चाड असल्यामुळे, म्हणाले, "हे. हे मला कधी आलेलं नाही."

बाईंनी हळूच ओठ पुढे काढले आणि अशी स्वच्छ, गोल शिट्टी वाजवली की दाराबाहेरून जाणारे विभागप्रमुख दोन पावलं मागे आले.

ठरलं.

तास संपल्यावर बाई माझ्यापाशी थांबल्या. "मॅडम, एक सांगू का? दुसरं काही घेतलं तर? कागदाची होडी वगैरे?"

"का? मला जमणार नाही असं वाटतं?"

"तसं नाही. पण मी शाळेत कायमस्वरूपी तात्पुरती आहे. दर वर्षी अर्ज, दर वर्षी मुलाखत, दर वर्षी 'बघू'. यंदा संस्थेने सांगितलंय, हे प्रमाणपत्र आणा, लगेच कायम करतो. नाही आणलं तर माझ्या जागी नवीन माणूस. बाकी विषय निघतील माझे. हा एक..." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. वाक्य तिथेच संपलं.

"बाई," मी म्हटलं, "शिट्टी ही शुद्ध भौतिक घटना आहे."

त्या "बरं" म्हणाल्या. माझ्या बोलण्यावर लोक असं "बरं" का म्हणतात, याचा मला अजून शोध लागलेला नाही.

घरी मी आधी अभ्यास केला. ओठांच्या फटीतून हवेचा झोत निघतो, त्यात भोवरे तयार होतात, आणि तोंडातल्या पोकळीने त्यांना साथ दिली की ध्वनी उमटतो. जीभ पुढे आणली की पोकळी लहान होते आणि स्वर चढतो. मी माझ्या तोंडाचं घनफळ पाण्याची गुळणी मोजपात्रात टाकून काढलं. त्यावरून माझी शिट्टी कोणत्या स्वरात लागायला हवी तेही काढलं. मग आरशासमोर उभी राहिले, पोकळी सिद्ध केली आणि फुंकलं.

"फुस्स."

"काय गं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"शिट्टी शिकतेय."

"आता? घरात कुकर आहे की."

माझा दादा शिट्टीत पटाईत. संपूर्ण गाणं वाजवतो, मध्ये तबल्याची जागासुद्धा सोडतो. मी त्याला विचारलं, तू नेमकं काय करतोस?

"काही नाही. नुसतं वाजवायचं."

"म्हणजे जीभ कुठे असते?"

दादा विचारात पडला. त्याने जीभ शोधायचा प्रयत्न केला आणि पुढचे दोन दिवस त्यालाही शिट्टी येईना. वहिनी मला मनापासून म्हणाली, "घरात फार शांत वाटतंय हो. असंच काहीतरी विचारत जा त्यांना."

मी सराव खिडकीत करत असे, कारण हवेचा प्रवाह हा माझा विषय आणि खिडकीत तो मुबलक. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, पण स्वयंपाकघरातले आवाज मात्र त्या भिंतीपलीकडूनही ओळखतात. तिसऱ्याच दिवशी त्या जिना चढून आल्या.

"तुमच्या कुकरची रिंग गेलीय," त्या आईला म्हणाल्या. "दुपारभर ऐकतेय मी. नुसती वाफ. शिट्टी धरतच नाही."

"कुकर नाही काकू, ती आमची मुलगी," आई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हिलाही बरं नाही का?"

त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीत असताना दारात गॅस कंपनीचा माणूस उभा. वरच्या मजल्यावरून सतत गळतीचा आवाज येतो अशी तक्रार होती. त्याने शेगडी, नळी, सिलिंडर सगळीकडे साबणाचा फेस लावून बघितला. कुठेच बुडबुडा नाही. "आवाज नक्की कसा येतो?" त्याने विचारलं. सत्याची चाड मला इथेही नडली. मी ओठ पुढे काढून आवाज काढून दाखवला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि शेरा लिहिला : 'गळती आहे. कंपनीच्या अखत्यारीत नाही.'

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातले निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, बोटं तोंडात घाला, त्याशिवाय ट्रक थांबत नाही. मी म्हटलं, मला ट्रक थांबवायचा नाही. ते म्हणाले, मग शिकायचं कशाला? वरचे दंतवैद्य जिन्यात भेटले की माझ्या तोंडात डोकावू लागले. "दात फारच जवळजवळ आहेत तुमचे. हवेला वाट कुठे आहे? समोर थोडी फट करू का? शेजारी म्हणून करीन मी." त्यांना टाळायला मी जिन्याने धावत उतरायला लागले. त्याचा श्वासाला फायदा झाला, हे शास्त्राला धरून नमूद करते.

बाईंची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. त्यांना पहिलीचा वर्ग माहीत, म्हणून मी त्यांच्या लेखी पहिलीत. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही समोरासमोर बसायचो.

"ओठ पुढे. आणखी पुढे. रुसलोय ना आपण? मग रुसल्यासारखं करा. शाब्बास! आता गरम चहा फुंका."

"फुस्स."

"छान! कालच्यापेक्षा लांब आलं."

"बाई, कालच्यापेक्षा लांब म्हणजे काय? आवाज शून्यच आहे."

"असं म्हणायचं नाही. हात पुढे करा." आणि त्यांनी पेनाने माझ्या मनगटावर चांदणी काढली.

ती चांदणी घेऊन मी विभागाच्या बैठकीला बसले. विभागप्रमुखांनी ती पाहिली. "छान," ते म्हणाले, "कशाबद्दल?" मी बाही खाली ओढली. पण खरं सांगायचं तर ती पुसायला मला संध्याकाळपर्यंत वेळ झाला नाही. झाला असता, पण मी काढला नाही.

चांदण्या वाढत गेल्या, शिट्टी मात्र आली नाही. बाईंचा आवाज बदलायला लागला. आधी त्या "शाब्बास" म्हणायच्या, मग "हं", मग नुसतंच घड्याळ बघायच्या. एकदा त्या अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका, पण माझी नोकरी सध्या तुमच्या तोंडात आहे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हादरले. नियम मीच केला होता, टेबलावर हात आपटून. विषय बदलावा म्हणून मी परीक्षा विभागात गेले.

तिथल्या हेडक्लार्कना सगळे 'परिपत्रक' म्हणतात, कारण कसलंही उत्तर ते त्याच शब्दाने सुरू करतात. "परिपत्रकाप्रमाणे," ते म्हणाले, "सत्राच्या मध्यानंतर विषय बदलता येत नाही. शिवाय तुमचीच परीक्षा तुम्हीच घेणार, असं कसं चालेल? बाहेरचा परीक्षक लागेल. आणि या फॉर्मवर काही भरलेलंच नाही. परीक्षेचा प्रकार? लेखी, तोंडी की प्रात्यक्षिक?"

"प्रात्यक्षिक."

"साहित्याची यादी?"

"साहित्य नाही. तोंडानेच करायचंय."

"मग तोंडी," म्हणून त्यांनी खूण केली.

"अहो, तोंडी म्हणजे प्रश्नोत्तरं!"

"मॅडम, तोंडाने करायचं की नाही करायचं?"

"तोंडानेच, पण..."

"तोंडी," परिपत्रक म्हणाले आणि शिक्का मारला. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं. मी परत आले.

आता गुणदानाचा तक्ता करायचा होता. विद्यार्थ्यांना मी शिकवते की केवळ शेवटच्या निकालाकडे पाहू नका, शिकण्याची सगळी वाट मोजा. त्या तत्त्वाला धरून मी पाच घटक काढले आणि सगळ्यांना समान गुण ठेवले : संकल्पनेची स्पष्टता, ओठांची ठेवण, श्वासाचं नियोजन, चिकाटी आणि ध्वनी. हा तक्ता मी सद्हेतूने केला. त्यावर विभागप्रमुखांनी "अत्यंत आधुनिक" असं लिहून सही केली. मला त्यात काही खटकलं नाही. वजनकाटा माझ्याच कपाटावर ठेवलेला होता आणि तोही गप्प होता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षा विभागाच्या शेवटच्या खोलीत आम्ही तिघं. एक मी, उमेदवार. एक बाई, भिंतीशी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. आणि परीक्षक : निवृत्त प्राध्यापक, पांढरे केस, अतिशय सभ्य. फॉर्मवर 'तोंडी' वाचून ते प्रश्न काढून आले होते.

"शिट्टी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

अशा प्रश्नाची मी जन्मभर वाट बघत होते. मी झोत सांगितला, भोवरे सांगितले, पोकळी सांगितली. माझ्या तोंडाचं घनफळ सांगितलं. फळ्यावर आकृती काढली. परीक्षक चष्मा काढून ऐकत राहिले. "फार सुंदर," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं शिट्टी वाजवतोय, मला यातलं काहीच माहीत नव्हतं." बाई पहिल्यांदा हसल्या.

"आता वाजवा."

मी ओठ पुढे काढले. ठेवण निर्दोष होती. बाईंचेही ओठ आपोआप पुढे आले. श्वास पोटातून घेतला, खांदे न उचलता. फुंकलं.

"फुस्स."

"पुन्हा घ्या. घाई नाही."

"फुस्स."

मी घेत राहिले. जीभ मागे घेऊन, पुढे आणून, रुसून, चहा फुंकून. खोलीत चांगला वारा सुटला. परीक्षकांचे कागद उडाले, त्यावर त्यांनी डस्टर ठेवला. बाईंनी डोळे मिटले होते. शेवटी परीक्षकांनी हात वर केला, "थांबा. दमाल." आणि मान खाली घालून ते तक्ता भरायला लागले. स्पष्टता : पूर्ण. ठेवण : एक कमी. श्वास : एक कमी. चिकाटी : पूर्ण. ध्वनी : शून्य. बेरीज केली, पुन्हा केली, आणि मला म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. अभिनंदन. विशेष प्रावीण्य."

"कशात?" बाईंनी डोळे उघडले.

"शिट्टी वाजवण्यात," परीक्षक म्हणाले. "आणि नियमाप्रमाणे तुम्हालाही तेच." त्यांनी कागद पाकिटात घातला, डिंक लावला, वर सही केली.

मी तिथे उभी होते. वाजली नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मला विशेष प्रावीण्य होतं, हेही तिघांना ठाऊक होतं. वजनकाट्यावर माझी उंची मोजून झाली होती आणि ती चांगली भरली होती. पण बाईंच्या हातातली पर्स सैल झाली होती, त्या कायम झाल्या होत्या, आणि माझ्या छातीतून सत्रभर अडकलेला श्वास आपोआप बाहेर पडला. मी म्हणायला गेले "हुश्श", आणि वाजली ती शिट्टी.

लांब, चढती, खणखणीत. खिडकीवरचं पाखरू उडालं. बाई "वाजली!" म्हणून ओरडल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी पुन्हा वाजवून बघितली. पुन्हा वाजली. जीभ कुठे होती, विचारू नका.

"सर, ध्वनीचे गुण!" बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी पाकिटाकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. "डिंक वाळला," ते म्हणाले. "परीक्षा संपल्यावर आलेलं धरता येत नाही. नाहीतर सगळेच पास होतील."

तेवढ्यात दार उघडलं. परिपत्रक. लाल चेहरा. "कोण शिट्ट्या मारतंय? शेजारच्या खोलीत लेखी चालू आहे! परीक्षा विभाग आहे हा!"

"मी," मी म्हटलं. सत्याची चाड.

"परिपत्रकाप्रमाणे लेखी समज द्यावी लागेल." आणि त्यांनी तिथेच बसून ती लिहिली : 'सदर अध्यापिकेने परीक्षा विभागाच्या आवारात मोठ्याने व वारंवार शिट्टी वाजवून शांततेचा भंग केला. पुन्हा असे होऊ नये.' खाली सही, शिक्का, तारीख.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच शिक्क्याखाली, त्या विभागाने एका कागदावर मला शिट्टीचा आवाज काढता येत नाही असं लिहून दिलं आणि दुसऱ्यावर मी मोठ्याने व वारंवार वाजवते असं. मी अपमानाने तो कागद घडी करू लागले, तोच बाईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. नीट वाचला. "वारंवार" या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"मॅडम, याची झेरॉक्स मला द्याल?"

"ही समज आहे, बाई. मला दिलेली."

"असू दे. प्रमाणपत्र शाळेत द्यायचं. हे घरी लावते." मग त्यांनी पर्समधून पेन काढलं. "हात पुढे करा."

मी परिपत्रकांसमोर हात पुढे केला. या वेळी चांदणी जरा मोठी होती.

लेखी परीक्षेत मी यंदा एक प्रश्न घातला : 'एका उमेदवारास शिट्टी वाजवता येत नसताना शिट्टीत विशेष प्रावीण्य मिळाले. चूक कुठे झाली ते उदाहरणांसह लिहा.' वर्गाने पानंच्या पानं लिहिली, तक्त्याच्या चिंधड्या उडवल्या, आणि मी सगळ्यांना भरभरून गुण दिले. तक्ता दुरुस्त करणार आहे. रद्द मात्र करणार नाही. मला त्यातल्या चिकाटीच्या घटकाबद्दल अजून आदर आहे.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी आल्या आल्या मी आईला म्हटलं, "ऐक." खिडकीत उभी राहिले आणि वाजवली. आईने पोळपाटावरून मान वर केली. "अगं बाई! पुन्हा वाजव." मी पुन्हा वाजवली. दादा आतून धावत आला, म्हणाला, "जीभ कुठे ठेवलीस?" मी म्हटलं, "काही नाही. नुसतं वाजवायचं," आणि तिसऱ्यांदा वाजवली.

खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग घाईची पावलं, आणि खट्ट करून कुणीतरी गॅस बंद केला.

थोड्या वेळाने काकू जिना चढून आल्या. हातात झाकलेलं पातेलं. त्यातले बटाटे कच्चे होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. उलट आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं.

"शेवटी बदललीत ना रिंग?" त्या आईला म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगत होते!"